रॅक साउंड मॉड्यूल आणि लाइव्ह कार्यक्रम: मुंबईच्या कीबोर्डवादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावगीतांची मैफल, नाट्यगीतं, हिंदी-मराठी ऑर्केस्ट्रा, मंडळाचा गणेशोत्सव, नवरात्रीचा दांडिया. मुंबईत कीबोर्ड वाजवणाऱ्याला एकाच महिन्यात हे सगळं वाजवावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणी लागणारे टोन वेगळे. पट्ट्या नसलेला, रॅकमध्ये बसणारा आणि मिडीवर (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) चालणारा साउंड मॉड्यूल या कामाला आजही उत्तम आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याचं प्रोग्रामिंग घरीच संपलं पाहिजे. स्टेजवर पडद्यावरची बारीक अक्षरं वाचत टोन शोधायची वेळ आली, तर मॉड्यूल कितीही महागाचा असो, उपयोग नाही. खालची सगळी उत्तरं याच आग्रहातून आली आहेत.

खाली ‘टोन’ म्हणजे आपण रोज म्हणतो तो टोन, म्हणजे मॉड्यूलमधला एक पॅच. त्या पॅचच्या आतल्या तुकड्यांना मी थर म्हटलं आहे.

लॅपटॉप असताना मॉड्यूल कशाला?

मॉड्यूल चालू केला की काही सेकंदांत वाजायला तयार असतो. अपडेट नाही, पासवर्ड नाही. मंडपात जनरेटर बदलताना वीज गेली, तर परत आल्यावर तो आपला आपण उभा राहतो. दुसरं कारण आवाजाचं आहे. रोलंड जेव्ही-१०८० मधले सगळे आवाज मिळून ८ मेगाबाइटच्या मेमरीत बसवलेले आहेत. आजच्या मानाने हे फारच थोडं वाटेल, पण ते आवाज नेमके, आटोपशीर आहेत. ढोलकी, ऑक्टापॅड, बेस गिटार आणि चार गायक यांच्या गर्दीतही ते ऐकू येतात.

उणीवही सांगतो. पूर्ण कार्यक्रम नुसत्या पियानोवर असेल, तर जुन्या मॉड्यूलचा पियानो पुरत नाही. तिथे चांगला स्टेज पियानोच हवा.

कुठला मॉड्यूल घ्यावा?

पहिलाच घेत असाल तर जेव्ही-१०८०. तो १९९४ साली आला. ६४ व्हॉइस (एकावेळी वाजू शकणारे आवाज), १६ पार्ट (स्वतःचा वेगळा टोन असलेले विभाग) आणि जादा आवाजांचे बोर्ड बसवायला ४ खाचा. त्याचा मोठा भाऊ जेव्ही-२०८०, त्यात ८ खाचा आणि एकावेळी तीन इफेक्ट. या बोर्डांपैकी आशियाई वाद्यांचा एसआर-जेव्ही८०-१४ आपल्याकडच्या कामाला विशेष उपयोगी, मिळाला तर सोडू नका. २००० सालचा एक्सव्ही-५०८० हा १२८ व्हॉइसचा आणि त्यात जुने एसआर-जेव्ही व नवे एसआरएक्स असे दोन्ही प्रकारचे बोर्ड बसतात. खिसा परवानगी देत असेल तर २०१२ सालचा इंटेग्रा-७ बघा. त्यात एसआरएक्स बोर्डांचे आवाज आतच दिलेले आहेत, फक्त एकावेळी चार आभासी खाचांत भरावे लागतात.

यामाहाचा मोटिफ-रॅक एक्सएस आणि कोर्गचा ट्रायटन-रॅक हेही उत्तम. ब्रास आणि इलेक्ट्रिक पियानोसाठी मला स्वतःला यामाहा जास्त आवडतो, स्ट्रिंग्ज आणि पॅडसाठी (मागे सलग धरून ठेवायचा मऊ आवाज) रोलंड. पण आधी एकच घ्या आणि तो आतून-बाहेरून शिका. अर्धवट माहीत असलेल्या तीन मॉड्यूलपेक्षा पूर्ण माहीत असलेला एक स्टेजवर कधीही सरस ठरतो.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

स्वतःचा हेडफोन, एक मिडी केबल आणि छोटा कंट्रोलर (मॉड्यूलला मिडीने वाजवणारा कीबोर्ड) घेऊनच जा. ‘चालू आहे’ म्हणजे पडदा लागतो एवढाच अर्थ बरेचदा असतो. मागचे सगळे आउटपुट एकेक करून ऐका. जॅक हलवल्यावर खरखर झाली, तर आतला डाग (सोल्डरिंग) सुटलेला आहे. मिडी इन, आउट, थ्रू तिन्ही तपासा. गोल चाक हळू फिरवा. एका घरावर एकच आकडा पुढे जायला हवा. आकडे मागेपुढे उड्या मारत असतील, तर चाक बदलावं लागेल.

मग एक टोन सेव्ह करा, मॉड्यूल बंद करा, पाच मिनिटांनी चालू करून बघा. टोन जागेवर नसेल तर आतली बॅटरी संपली आहे. जेव्हीमध्ये सीआर२०३२ असते, कुठेही मिळते. काही मॉड्यूलमध्ये ती डाग देऊन बसवलेली असते, तेव्हा कारागिराकडे जा. ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर मिडीचे सॉकेट, जॅक, बॅटरीहोल्डर, ट्रान्सफॉर्मर हे सगळं एका फेरीत मिळतं. बॅटरी काढली की मेमरी पुसली जाते, म्हणून बॅकअप आधी.

मागे १०० व्होल्ट लिहिलंय. चालेल का?

थेट नाही. तो जपानी बाजाराचा मॉड्यूल आहे आणि आपली वीज २३० व्होल्टची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. मॉड्यूलच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या आणि तो रॅकमध्येच पक्का बसवून टाका. सुटा ठेवलात, तर एके दिवशी स्टेजवरचा कोणीतरी मदत म्हणून प्लग सरळ बोर्डात खुपसेल.

माझ्या नव्या कंट्रोलरला फक्त यूएसबी आहे. जुन्या मॉड्यूलला कसा जोडू?

पाच पिनची मिडी आणि यूएसबी सरळ केबलने जोडता येत नाहीत. बाजारात मिळणारी यूएसबी-मिडी केबल कॉम्प्युटरसाठी असते, ती इथे चालणार नाही. त्यासाठी ‘यूएसबी होस्ट’ प्रकारची छोटी पेटी लागते. कंट्रोलर अजून घ्यायचा असेल, तर मागे पाच पिनचा मिडी आउट असलेलाच घ्या. एक वस्तू कमी म्हणजे बिघडण्याची एक जागा कमी.

वायरिंग कसं करायचं?

कंट्रोलरच्या आउटमधून मॉड्यूलच्या इनमध्ये. दुसरा मॉड्यूल असेल तर पहिल्याच्या थ्रूमधून दुसऱ्याच्या इनमध्ये. तीनपेक्षा जास्त असतील तर साखळी न करता मिडी थ्रू बॉक्स वापरा. केबल १५ मीटरच्या आत ठेवा. कंट्रोलर म्हणून स्वतःचे आवाज असलेला कीबोर्ड वापरत असाल, तर त्याचं ‘लोकल’ (पट्ट्यांनी त्याचे स्वतःचे आवाज वाजणं) बंद करायचं की चालू ठेवायचं हे घरीच ठरवा.

इथे एक हिशेब समजून घेतला पाहिजे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका स्वराच्या संदेशाला ३० बिट, म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. दहा बोटांचा कॉर्ड एका चॅनेलवर (मिडीतली क्रमांक दिलेली वाट, प्रत्येक पार्ट आपल्या वाटेवरचे संदेश घेतो) गेला तर शेवटचा स्वर सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. तोच कॉर्ड कंट्रोलरवरून तीन चॅनेलना पाठवला, तर ३० मिलिसेकंद. ढोलकीच्या ठेक्यावर वाजवताना हे बोटांना जाणवतं, वादन ओढल्यासारखं वाटतं. म्हणून थर कंट्रोलरवर लावू नका, मॉड्यूलमध्ये लावा. दोन-तीन पार्टना एकच रिसिव्ह चॅनेल द्या. कंट्रोलर एकदाच संदेश पाठवेल आणि तिन्ही पार्ट वाजतील. आफ्टरटच (दाबलेल्या पट्टीवर दिलेला जादा दाब) वापरत नसाल तर कंट्रोलरवर तो बंद करा, विनाकारण वाट अडवतो.

गाण्यागणिक टोन कसे लावायचे?

एक गाणं म्हणजे एक परफॉर्मन्स. रोलंडमध्ये त्याला परफॉर्मन्स म्हणतात, कोर्गमध्ये कॉम्बिनेशन, यामाहामध्ये मल्टी. इंट्रोची बासरी, पहिल्या म्युझिकचे (मधल्या वाद्यतुकड्याचे) स्ट्रिंग्ज, दुसऱ्या म्युझिकची सतार, अंतऱ्यामागचं पॅड, हे सगळं त्या एकाच परफॉर्मन्समध्ये वेगवेगळ्या पार्टवर असलं पाहिजे. डावा हात पॅड, उजवा हात स्ट्रिंग्ज असा स्प्लिट, आणि सोलोचे टोन वेगळ्या चॅनेलवर. गाण्याच्या आत फक्त कंट्रोलरचा चॅनेल बदलायचा, मॉड्यूलमधला परफॉर्मन्स नाही.

याची दोन कारणं. परफॉर्मन्स बदलला की मॉड्यूल इफेक्ट नव्याने भरतो आणि चालू असलेला आवाज तुटतो. रिव्हर्बची (घुमणुकीची) शेपटी कापली जाते, ती पहिल्या रांगेतल्यालाही कळते. चॅनेल बदलताना असं होत नाही, पॅड पायाने धरून ठेवलं तर ते वाजत राहतं आणि वर बासरी सुरू होते. मात्र दाबून धरलेली पट्टी चॅनेल बदलल्यावर सोडली, तर ती सोडल्याचा निरोप जुन्याच चॅनेलला जायला हवा. बहुतेक कंट्रोलर हे बरोबर करतात. तुमचा करतो का, हे तालमीआधी तपासा.

दुसरं कारण म्हणजे वन्स मोअर. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथ या नाट्यगृहांत एखादी जागा रंगली की प्रेक्षक वन्स मोअर देतात आणि गायक कुठून सुरू करेल हे त्याचं त्यालाही त्या क्षणी माहीत नसतं. कधी पुन्हा मुखडा, कधी सरळ दुसऱ्या अंतऱ्याची तान. तुमचे टोन ‘पुढचा, पुढचा, पुढचा’ अशा एकाच दिशेच्या पेडलवर असतील, तर मागे येताना घोळ होणारच. गाण्यातले सगळे टोन हाताशी असले, की गायक कुठेही गेला तरी तुम्ही त्याच्यासोबत असता.

परफॉर्मन्स क्रमांक कार्यक्रमाच्या क्रमाने लावू का?

नको. क्रम कधीच टिकत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे उशिरा येतात, भाषण लांबतं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, शासनाने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. पावणेदहाला निवेदक चार गाणी गाळून थेट शेवटच्या लावणीवर येतो. म्हणून प्रत्येक गाण्याला कायमचा क्रमांक द्या आणि तो कधीच बदलू नका. गाण्यांची यादी अकारविल्ह्याने, ठळक अक्षरात, शेजारी क्रमांक, अशी कीबोर्डवर चिकटवून ठेवा. मोबाइलवर नको, ऐन वेळी फोन येतो.

कंट्रोलरवरून क्रमांक पाठवतो, पण भलताच टोन येतो.

दोनच कारणं असतात. एक, मिडीत क्रमांक शून्यापासून मोजतात, मॉड्यूलच्या पडद्यावर एकपासून. कंट्रोलर शून्यापासून मोजत असेल तर मॉड्यूलवरच्या २५ साठी २४ पाठवावं लागतं. दोन, बँक (टोनचा गट) चुकलेली असते. आधी कंट्रोल चेंज (सेटिंग बदलणारा मिडी संदेश) ० ची किंमत, मग कंट्रोल चेंज ३२ ची, आणि शेवटी प्रोग्राम चेंज, याच क्रमाने. जेव्ही-१०८० मध्ये तुमच्या स्वतःच्या बँकेसाठी ८० आणि ०, प्रीसेट ए साठी ८१ आणि ०, प्रीसेट बी साठी ८१ आणि १.

आणखी एक काम अवश्य करा. सिस्टिममध्ये परफॉर्मन्स कंट्रोल चॅनेल १६ ठेवा आणि त्या चॅनेलवर कुठलाही पार्ट वाजवू नका. बाकी सगळ्या पार्टचं प्रोग्राम चेंज घेणं बंद करा. चुकून एखादं बटण दाबलं गेलं तरी बासरीच्या जागी ट्रम्पेट येणार नाही.

जास्त वाजवलं की स्वर गिळले जातात. मॉड्यूल खराब आहे का?

मॉड्यूल ठीक आहे, व्हॉइस संपल्या आहेत. जेव्हीच्या एका पॅचमध्ये चार थर असू शकतात. चारही चालू असतील तर प्रत्येक स्वर चार व्हॉइस खातो, म्हणजे ६४ व्हॉइसमध्ये फक्त १६ स्वर. समजा डाव्या हाताला चार थरांचं पॅड आणि चार स्वरांचा कॉर्ड, झाले १६. उजव्या हाताला दोन थरांचा पियानो आणि पेडल दाबून बारा स्वर, झाले २४. आता पॅडचा कॉर्ड बदलला, पण जुन्या कॉर्डचा आवाज अजून विरतो आहे. आणखी १६. एकूण ५६. यावर बासरीचा सोलो आणि बेस आला की कुणाचा तरी स्वर जाणार, आणि तो नेमका जुना, खालचा, सगळ्यांचा आधार असलेला स्वर असतो.

फॅक्टरी टोनमधले दोन थर बंद करून ऐका. बँडमध्ये फरक कळत नाही, उलट आवाज मोकळा होतो. पॅडचा रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायचा वेळ) कमी करा. मग व्हॉइस रिझर्व्हमध्ये सोलोच्या पार्टला चार आणि बेसला दोन राखून ठेवा.

घरी हेडफोनवर सुंदर वाटणारे टोन हॉलमध्ये चिखल का होतात?

कारण फॅक्टरी टोन दुकानात एकट्याने ऐकून विकत घ्यावेसे वाटावेत असे बनवलेले असतात. भरपूर रिव्हर्ब, भरपूर कोरस, खाली बेस, वर चकाकी. षण्मुखानंदसारख्या मोठ्या सभागृहाला स्वतःची घुमणूक आहे, त्यावर मॉड्यूलचा रिव्हर्ब चढला की शब्द पुसले जातात. रिव्हर्ब निम्म्यावर आणा, मग अजून थोडा कमी करा. पॅड आणि स्ट्रिंग्जचा खालचा भाग कापा, तिथे बेस गिटार आणि तबल्याचा डग्गा आहे. सोलो टोन मात्र मधल्या पट्ट्यात थोडे पुढे आणा.

मंडपातला स्पीकर बहुतेक वेळा मोनो असतो. स्टिरिओ पियानोचे डावे-उजवे आवाज तिथे एकमेकांना खातात आणि पियानो पोकळ होतो. घरीच फक्त डाव्या-मोनो जॅकमधून ऐका. पोकळ वाटला तर दुसरा, मोनो सॅम्पलचा पियानो निवडा.

आता टोनच्या पातळ्या. माझ्या मते टोनच्या निवडीपेक्षाही हे महत्त्वाचं काम आहे. साउंडवाल्या दादाने एक चॅनेल लावला की प्रत्येक टोनला तो हात लावत बसू शकत नाही. एक टोन, समजा स्ट्रिंग्ज, आधार धरा. बाकी प्रत्येक टोन त्याच्या पाठोपाठ तोच तुकडा वाजवून, आवाज अगदी लहान ठेवून ऐका आणि पार्टची लेव्हल जुळवा. मोठ्या आवाजात कान फसतात. सोलो टोन आधारापेक्षा किंचित वर, पॅड किंचित खाली. वाजवताना चढ-उतारासाठी व्हॉल्यूम, म्हणजे कंट्रोल चेंज ७, वापरू नका. एक्स्प्रेशन, म्हणजे ११, वापरा. ७ हा तुमचा मिक्स आहे, तो हलला की घरी जुळवलेलं सगळं गेलं.

गायक स्टेजवर पट्टी बदलतो. ट्रान्सपोज कुठे करू?

‘काळी एक नको, आज पांढरी एक घ्या’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मुंबईतला कार्यक्रम होत नाही. कंट्रोलरवर ट्रान्सपोज केलं की तो सगळ्याच चॅनेलवर होतो. ड्रम किटचा पार्ट असेल तर किकच्या जागी वेगळंच वाद्य वाजतं. काही कंट्रोलरवर स्प्लिटची जागाही सरकते. शिवाय पट्टी दाबलेली असताना ट्रान्सपोज बदललं, तर स्वर अडकू शकतो. मॉड्यूलमध्ये सुरांच्या पार्टना कोर्स ट्यून द्या, ड्रमचा पार्ट तसाच ठेवा. ज्या गाण्यांची पट्टी नेहमी हलते, त्यांच्या दोन प्रती दोन क्रमांकांवर ठेवून द्या. आणि खरं तर काळी एक, काळी दोन, काळी पाच इथे हात बसवाच. ट्रान्सपोजचं बटण अडचणीपुरतं असावं.

पेटीवाल्यांची पेटी ४४० हर्ट्झला असेलच असं नाही. कार्यक्रमाआधी त्यांच्याकडून एक स्वर मागून घ्या आणि मास्टर ट्यून जुळवा. ४४० आणि ४४२ मध्ये जवळजवळ ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक आहे, बासरी आणि स्ट्रिंग्जच्या लांब स्वरांवर तो खुपतो.

शुद्ध गंधार पियानोसारखा टोचतो. काही करता येतं का?

करता येतं, आणि फार थोडे जण करतात याचं वाईट वाटतं. बऱ्याच मॉड्यूलमध्ये स्केल ट्यून असतं, सप्तकातला प्रत्येक स्वर सेंटमध्ये वरखाली करता येतो. षड्ज पांढरी एक धरून शुद्ध गंधार १४ सेंट खाली, धैवत १६ खाली, निषाद १२ खाली, मध्यम २ खाली, पंचम २ वर, ऋषभ ४ वर. तानपुऱ्याचा टोन लावून त्यावर गंधार धरा आणि एकदा स्केल ट्यून चालू, एकदा बंद करून ऐका. फरक सांगावा लागत नाही.

षड्ज बदलला की हे आकडेही सरकवावे लागतात. बासरी, सारंगी, सतार अशा एकेरी टोनपुरतंच हे वापरा. कॉर्ड वाजवायचे असतील, किंवा शेजारी गिटार असेल, तर बंद ठेवा. पेटी नेहमीच्या समान अंतराच्या सुरांची असेल तर तिच्याशी भांडू नका.

नाट्यगीतांसाठी ऑर्गनचा टोन कसा बनवू?

संगीत नाटकातला पायाने भात्याला वारा देऊन वाजवायचा ऑर्गन मॉड्यूलमध्ये तयार मिळत नाही. चर्चचा पाइप ऑर्गन किंवा हॅमंड लावून नाट्यगीत वाजवलं की ऐकणाऱ्या जाणत्या मंडळींना लगेच खटकतं. स्वतः बनवायला तासभर लागतो.

हार्मोनियम, अकॉर्डियन किंवा रीड ऑर्गनची वेव्ह घ्या. पहिला थर मूळ सुरात. दुसरा तीच वेव्ह, एक सप्तक वर, लेव्हल निम्म्याहून थोडी कमी. तिसरा पुन्हा मूळ सुरात, पण ५ सेंट चढा, लेव्हल आणखी कमी. त्याने दोन रीडमधली हलकी थरथर येते. चौथा थर बंद.

आता मुख्य काम. पट्टी जोरात दाबली म्हणून रीड जोरात वाजत नाही. त्यामुळे व्हेलॉसिटीचा परिणाम लेव्हलवरही शून्य आणि फिल्टरवरही शून्य. अटॅक १२७ पैकी १० ते १५, म्हणजे वारा भरायला लागतो तेवढाच वेळ. सस्टेन पूर्ण. रिलीज अगदी छोटा. लो-पास फिल्टर थोडा मिटलेला. कोरस बंद, व्हायब्रेटो बंद.

भात्याचं काम एक्स्प्रेशन पेडलला द्या, पण त्याची खालची मर्यादा शून्य ठेवू नका, ४० च्या आसपास ठेवा. भाता कितीही हळू मारला तरी सूर पूर्ण बंद पडत नाही. शेवटची गोष्ट, या पार्टला सस्टेन पेडल घेणंच बंद करा. जेव्हीमध्ये पार्टच्या सेटिंगमध्ये होल्ड-१ बंद करता येतं. पियानो वाजवणाऱ्याचा पाय सवयीने पेडलवर जातो आणि ऑर्गनच्या ताना एकमेकांत मिसळतात. ते बंद झालं की बोटं आपोआप स्वर जोडून वाजवायला लागतात, तशीच ती या वाद्यावर वाजवली जातात.

सस्टेन पेडल उलटं काम करतंय.

कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता, किंवा पेडल नंतर जोडलं. पेडल जोडून, पाय बाजूला ठेवून कीबोर्ड पुन्हा चालू करा.

स्वर अडकला तर?

कंट्रोल चेंज १२३ सगळे स्वर सोडतो, १२० आवाजच बंद करतो. कंट्रोलरच्या एका बटणाला १२० नेमून त्यावर लाल टेप लावा. वारंवार अडकत असेल तर केबल बदला. पट्टी सोडल्याचा निरोप वाटेत हरवतो आहे.

मंडपात घूं आवाज येतो. अर्थिंगची पिन काढू का?

कधीही नाही. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. माइक आणि कीबोर्डचं लोखंडी अंग दोन वेगळ्या बोर्डांवर असेल आणि एकात दोष असून अर्थिंग नसेल, तर दोन्हींना हात लावणाऱ्या माणसातून वीज जाते. मंडपात पोचल्यावर आधी मल्टिमीटर काढा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे व्होल्ट हवेत. तसं नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि दुरुस्त होईपर्यंत प्लग लावू नका, मग कार्यकर्ते कितीही घाई करोत.

वीज ठीक असूनही घूं येत असेल तर तो ग्राउंड लूप आहे. आत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (कीबोर्डचा आवाज साउंडवाल्यांच्या मिक्सरकडे नेणारी पेटी) लावा आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. मॉड्यूल आणि कंट्रोलर विजेच्या एकाच पट्टीवरून चालवा. जनरेटर असेल तर छोटा यूपीएस हवाच.

साउंडवाल्यांना किती चॅनेल मागू?

मॉड्यूलसाठी तीन. मिक्सचे दोन आणि सोलोसाठी एक वेगळा. बासरी, सतार, सनई डायरेक्ट आउटमधून द्या म्हणजे ते हवं तेव्हा वर उचलू शकतात. जेव्हीच्या डायरेक्ट आउटला मॉड्यूलचा रिव्हर्ब येत नाही, तो त्यांना घालायला सांगा. बॅलन्सच्या वेळी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान, असे दोनच टोन वाजवून दाखवा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

रॅक बंद करून महिनाभर ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. रॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, गुलाबी किंवा फिक्या झाल्या की बदला. जॅकना काँटॅक्ट क्लीनर वर्षातून दोनदा. एसी गाडीतून थेट दमट मंडपात आलात तर झाकण अर्धा तास उघडू नका. थंड पत्र्यावर पाणी धरतं.

रॅक लोकल ट्रेनने नेता येतो का?

चार युनिटचा, कमी खोलीचा रॅक घेतलात तर नेता येतो, सामानाच्या डब्यातून आणि गर्दीची वेळ टाळून. मागच्या सगळ्या वायरी आतच जोडलेल्या राहतील आणि बाहेर फक्त मिडी, वीज आणि आउटपुट असे मोजकेच जॅक येतील असा रॅक बांधून घ्या.

बॅकअप कसा ठेवायचा?

बल्क डंप नावाचा पर्याय शोधा. मॉड्यूल स्वतःची मेमरी मिडी आउटमधून सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशांत बाहेर पाठवतो, कॉम्प्युटरवर ती फाइल म्हणून साठवा. नुसती साठवून थांबू नका, एकदा परत भरून बघा. परत भरताना काही मॉड्यूलना मेमरी प्रोटेक्ट बंद असावं लागतं, आणि डंप फार वेगाने आला तर अर्धवट भरतो. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये संदेशांमधलं अंतर वाढवा. फाइलच्या नावात तारीख लिहा आणि एक प्रत ग्रुपमधल्या दुसऱ्या कीबोर्डवाल्याकडे ठेवा.

कार्यक्रमाच्या मध्येच मॉड्यूल बंद पडला तर?

यासाठी कंट्रोलर स्वतःचे आवाज असलेला कीबोर्ड असावा. त्यात पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी, ऑर्गन हे चार टोन पहिल्या चार जागांवर लावून ठेवा आणि त्याचे आउटपुट आधीच डीआयला जोडलेले, साउंडवाल्यांकडे बंद ठेवलेल्या चॅनेलवर असू द्या. मॉड्यूल गेला की लोकल चालू करायचं, साउंडवाल्यांना ठरलेली खूण करायची आणि त्याच गाण्यात पुढे वाजवायचं. मॉड्यूल उघडून बघायचा तो मध्यंतरात. आधी फ्यूज, मग मागची वीज केबल, मग यूपीएस.